टाकी फुल्ल, माहिती गुल!

तुमच्या बाइकमध्ये पडणारं पेट्रोल पंपावर यायच्या आधी शेकडो किलोमीटर रेल्वेने फिरून आलेलं असू शकतं. वाटेत गावं लागतात, नद्या लागतात, तळी लागतात. दारावरून काय गेलं, याचा पत्ता त्या गावांना बहुतेक वेळा नसतोच. बाभुळगावच्या बेंबळा धरणापासून कॅनडातल्या लाक-मेगांतिकपर्यंत, तेलाच्या गाड्यांची आणि पाण्याकाठच्या माणसांची ही गोष्ट.

शुक्रवारची संध्याकाळ. ऑफिसमधून सुटलात, वीकेंडचा प्लॅन ठरलाय, पंपावर रांग लागलीय. 'झिरो चेक करा साहेब,' पंपावरचा पोरगा सांगतो. आपण झिरो बघतो, मीटर बघतो, पैसे देतो आणि किक मारतो. हे पेट्रोल इथपर्यंत आलं कसं, हा प्रश्न काही आपल्याला पडत नाही. पडायचं कारणही नसतं म्हणा.

पण एकदा विचार करून बघा. पंपावर टँकरने आलं, हे दिसतं. त्याच्या आधी? मुंबईच्या रिफायनरीतून निघालेलं इंधन पाइपलाइनने मनमाडजवळच्या पानेवाडीला येतं. तिथले डेपो भरतात आणि तिथून टँकरबरोबरच मालगाड्याही भरल्या जातात. काळ्या-पांढऱ्या, गोल पोटाच्या त्या वॅगनची लांबच लांब रांग तुम्ही फाटकावर थांबून मोजलेली असेल. लहानपणी तर नक्कीच! रेल्वेच्या भाषेत या वॅगनचं नाव 'बीटीपीएन'. एका वॅगनमध्ये साधारण 70 हजार लिटर इंधन मावतं आणि एका गाडीला अशा 50 च्या आसपास वॅगन असतात. म्हणजे झाले 35 लाख लिटर. 12 लिटरची टाकी धरली, तर जवळजवळ 3 लाख बाइक फुल्ल! एवढा ऐवज एका इंजिनामागे, एका रुळावर, मोजक्या माणसांच्या भरवशावर धावत असतो.

बाभुळगावचा काय संबंध?

यवतमाळहून धामणगावकडे निघालात की वाटेत बाभुळगाव लागतं. तालुक्याचं गाव. आजूबाजूला कापूस, सोयाबीन, तूर. उत्तरेला साधारण 25 किलोमीटरवर धामणगाव रेल्वे, म्हणजे थेट मुंबई-हावडा मेन लाइन. पुण्या-मुंबईत आयटीत, बँकेत, कॉल सेंटरमध्ये नोकरी करणारी इकडची कितीतरी पोरं दिवाळीला याच स्टेशनवर उतरतात आणि पुढे एसटी किंवा काळी-पिवळी पकडतात. तुमच्या टीममध्येही असेल एखादा 'काहून बे' म्हणणारा. त्याला विचारा.

बाभुळगाव तालुक्याची दुसरी ओळख म्हणजे बेंबळा प्रकल्प. वर्धा नदीला मिळणाऱ्या बेंबळा नदीवर खडक सावंगा इथे हे धरण आहे. त्यामागे पसरलेलं पाणी म्हणजे या भागाची तिजोरी. कालव्याचं पाणी शेताला, मासे कोळी बांधवांना आणि पिण्याचं पाणी यवतमाळ शहराला. 2018 च्या उन्हाळ्यात निळोणा आणि चापडोह ही यवतमाळची नेहमीची धरणं आटली, तेव्हा शहराने पाण्यासाठी कसे दिवस काढले ते तिथल्या कुणालाही विचारा. तेव्हा सगळ्यांचे डोळे लागले होते ते बेंबळ्याच्या पाण्याकडे.

आता स्पष्टच सांगायचं, तर बाभुळगावातून रेल्वेलाइन जात नाही. तेलाची गाडी बेंबळ्याच्या काठाला घासून धावतेय, असं चित्र रंगवायचा इथे अजिबात इरादा नाही. मग टेन्शन कसलं?

दोन गोष्टींचं. पहिली, मनमाडकडून नागपूरकडे या लाइनने जाणारी प्रत्येक मालगाडी बडनेरा, धामणगाव, पुलगाव, वर्धा असा रस्ता धरते. या पट्ट्यात लहान-मोठे तलाव, ओढे, नाले आणि विहिरींचं जाळं आहे. दुसरी, रेल्वे आता यवतमाळकडे सरकतेय. वर्धा-यवतमाळ-नांदेड या 284 किलोमीटरच्या नव्या मार्गावर कळंबपर्यंत गाडी सुरू झाली ती 28 फेब्रुवारी 2024 ला. कळंब म्हणजे बाभुळगावचा शेजारीच. इंग्रजांच्या काळातली शकुंतला गेल्यापासून या जिल्ह्याने रेल्वेची वाट पाहिली, तेव्हा आनंद होणारच. पण ब्रॉडगेज आली की पाठोपाठ मालगाडीही येते. सिमेंट येईल, खत येईल, उद्या इंधनही येईल. पाहुणा यायच्या आधी घर आवरायचं असतं, एवढाच मुद्दा.

ऐन दिवाळीत, मालखेडला

हे सगळं फार लांबचं वाटतंय? मग 23 ऑक्टोबर 2022 ची रात्र आठवा. दुसऱ्या दिवशी लक्ष्मीपूजन. वर्धा-बडनेरा सेक्शनवर मालखेड आणि टिमटाळा स्टेशनांच्या मध्ये एक मालगाडी रुळावरून घसरली. एक-दोन नाही, तब्बल 20 वॅगन! अप आणि डाउन, दोन्ही लाइन बंद. दिवाळीला घरी निघालेल्यांच्या गाड्या रद्द झाल्या, कित्येक भलत्याच मार्गाने वळवल्या गेल्या. त्या रात्री ट्रेनमध्ये अडकलेल्यांना ते अजून आठवत असेल.

त्या वॅगनमध्ये कोळसा होता. कोळसा सांडला, जेसीबी आले, ढिगारा उपसला, रूळ जोडले. विषय संपला. बातमीही दोन दिवसांत संपली.

मालखेड म्हटलं की अमरावतीकरांना आठवतो तो तिथला तलाव आणि पोहरा-मालखेडचं जंगल. हिवाळ्यात दुर्बिणी घेऊन पक्षी बघायला जातात लोक. आता त्याच मार्गावर, त्याच रात्री कोळशाच्या जागी पेट्रोल असतं तर? रूळ तेच, चाकं तीच, माणसंही तीच. बदलला असता फक्त माल. आणि मालासोबत सगळंच बदललं असतं.

तीही शुक्रवारचीच रात्र होती

'असतं तर'चं उत्तर जगाने एकदा पाहिलंय. कॅनडाच्या क्युबेक प्रांतात लाक-मेगांतिक नावाचं गाव आहे. वस्ती जेमतेम 6 हजार. बाजूला सुंदर तळं, गावाचं नावच तळ्यावरून पडलेलं. गावाच्या मधोमध रेल्वेलाइन आणि लाइनीला लागून म्युझी-कॅफे हा बार. 5 जुलै 2013, शुक्रवार. वीकेंड सुरू झालेला, कॅफे भरलेला, गाणी चाललेली. मध्यरात्र उलटून गेली होती.

गावापासून साधारण 11 किलोमीटरवर, नांत या ठिकाणी, चढावर एक मालगाडी उभी करून ठेवली होती. 72 वॅगन कच्चं तेल. ड्रायव्हर एकटाच, ड्यूटी संपवून झोपायला गेलेला. रात्री इंजिनाला आग लागली. अग्निशमन दलाने ती विझवली आणि नियमाप्रमाणे इंजिन बंद केलं. सगळे घरी गेले.

घोळ इथेच झाला. इंजिन बंद म्हणजे कॉम्प्रेसर बंद. कॉम्प्रेसर बंद म्हणजे इंजिनाच्या ब्रेकमधली हवा हळूहळू गळणार. वॅगनना हातब्रेक लावायचे असतात ते याचसाठी. ते लावले होते, पण फक्त 7. एवढ्या वजनाला ते पुरणारच नव्हते. रात्री एकच्या सुमाराला गाडी आपणहून उतारावर चालू लागली. कुणी नाही, दिवा नाही, हॉर्न नाही. गावाच्या वळणावर पोचली तेव्हा वेग होता ताशी 100 किलोमीटरच्या वर. 63 वॅगन घसरल्या. सुमारे 60 लाख लिटर तेल बाहेर आलं आणि पेटलं. 47 माणसं गेली. कित्येक त्या कॅफेतच. आपल्याच वयाची, वीकेंड साजरा करायला जमलेली.

चौकशीत आणखी एक गोष्ट बाहेर आली. हे तेल कागदोपत्री दाखवलं होतं त्यापेक्षा जास्त ज्वालाग्राही होतं. म्हणजे गावाला तर सोडाच, कागदालासुद्धा खरं माहीत नव्हतं!

आणि पाणी? आगीतून सुटलेलं तेल गटारांतून, जमिनीतून झिरपत तळ्यात आणि तळ्यातून निघणाऱ्या शोदिएर नदीत पोचलं. अंदाज सुमारे 1 लाख लिटरचा. सांडलेल्या तेलाच्या हिशेबात हे दोन टक्केही नाही. पण तेवढ्याने नदीकाठच्या खालच्या अंगाच्या गावांना पिण्याच्या पाण्याची दुसरी सोय शोधावी लागली. आग दोन दिवसांत विझली. पाण्याचं, मातीचं काम मात्र पुढे बराच काळ चालू राहिलं.

'आपल्याकडे असं होत नाही'

खरंच? 25 फेब्रुवारी 2024. जम्मूमधल्या कठुआ स्टेशनवर उभी असलेली 53 वॅगनची मालगाडी ड्रायव्हरशिवाय निघाली. पंजाबात होशियारपूर जिल्ह्यातल्या ऊंची बस्सीजवळ ती थांबवेपर्यंत 70 किलोमीटरहून जास्त अंतर कापलं होतं तिने. मधली फाटकं, मधली स्टेशनं, सगळं ओलांडून. कारण? हातब्रेक नीट लावलेले नव्हते. गाडीत खडी होती, समोर काही आलं नाही, म्हणून आपण व्हिडिओ फॉरवर्ड करून हसलो. लाक-मेगांतिकची आणि कठुआची गोष्ट शेजारी-शेजारी ठेवून वाचा. हसू आपोआप जातं.

आणि 13 जुलै 2025 ला तमिळनाडूत तिरुवल्लूरजवळ प्रत्यक्ष इंधनाचीच गाडी घसरली. पहाटेची वेळ, गाडीत डिझेल. 18 वॅगन पेटल्या. काळ्या धुराचा लोट लांबून दिसत होता. जवळच्या वस्तीतले लोक हलवले गेले, घराघरांतले गॅस सिलिंडर बाहेर काढले गेले. सुदैवाने जीव कुणाचा गेला नाही. चेन्नईची तहान भागवणारा पूंडी जलाशय याच तिरुवल्लूर जिल्ह्यात आहे, हे नकाशा उघडल्यावर कळतं.

या सगळ्या घटनांमध्ये एक साम्य आहे. कुठेही सिनेमातला व्हिलन नाही, घातपात नाही. एक न लावलेला ब्रेक, रुळाची एखादी कच्ची जागा, कागदावरची एक चुकीची नोंद. मोठा अपघात असाच येतो, छोट्या दुर्लक्षाच्या पावलांनी.

काळी माती, भेगा आणि विहीर

पेट्रोल पाण्यात पडलं तर काय होतं? दिसायला ते पाण्यावर तरंगतं, बरंचसं उडून जातं. पण त्यातला बेंझिनसारखा घातक भाग काही प्रमाणात पाण्यात विरघळतो आणि तो डोळ्यांना दिसत नाही. डिझेल जास्त चिवट. पाण्यावर त्याचा इंद्रधनुष्यी तवंग पसरतो, काठच्या गवताला, माशांना, पक्ष्यांच्या पिसांना चिकटतो. कच्चं तेल सगळ्यात वाईट. त्यातला हलका भाग उडून गेला की उरलेला दाट गाळ तळाशीही बसू शकतो. आपल्याकडे कच्चं तेल मुख्यतः पाइपलाइननेच जातं, रुळावरून धावतं ते बहुतेक तयार इंधन, हा त्यातल्या त्यात दिलासा.

पण विदर्भाची स्वतःची एक अडचण आहे. इथली काळी माती उन्हाळ्यात फाटते. हात आत जाईल एवढ्या भेगा पडतात. खाली बेसॉल्टचा खडक, त्यालाही फटी. एप्रिल-मेमध्ये सांडलेलं इंधन या भेगांतून सरळ खाली जाऊ शकतं आणि मग शेजारच्या विहिरीत, बोअरमध्ये कधी उतरेल ते सांगता येत नाही. पावसाळ्यात सांडलं तर नाला ते धुऊन नेणार, आणि नाले शेवटी जातात कुठे? नदीत, तळ्यात, धरणात. मुंबईत पाणी बिघडलं तर आपण बिसलेरी मागवतो. शेतातल्या घराला तो ऑप्शन नसतो. गुरांना तर नसतोच.

आणखी एक धोका आहे, माणसाच्या स्वभावाचा. टँकर उलटला की कॅन, बादल्या, डबे घेऊन गर्दी जमते. फुकटचं आहे ना! पाकिस्तानात बहावलपूर जिल्ह्यात 25 जून 2017 ला, ईदच्या आदल्या दिवशी, असाच उलटलेला टँकर पेटला आणि 200 हून अधिक माणसं गेली. तो तर रस्त्यावरचा एक टँकर होता. रेल्वेची एक वॅगन त्याहूनही जास्त इंधन पोटात घेऊन फिरते.

मग काय, गाड्या बंद करायच्या?

अजिबात नाही. एक रेल्वेगाडी बंद केली तर तेवढं इंधन न्यायला 20 हजार लिटरचे 175 टँकर रस्त्यावर उतरतील. आपल्या हायवेंची अवस्था तुम्हाला माहीतच आहे. 13 जून 2023 ला मुंबई-पुणे एक्सप्रेसवेवर खंडाळ्याजवळ केमिकलचा टँकर पेटला, तेव्हा पुलाखालून जाणाऱ्यांचाही जीव गेला. डिसेंबर 2024 मध्ये जयपूरजवळ गॅसच्या टँकरने काय केलं तेही आपण टीव्हीवर पाहिलं. लांब पल्ल्याला रस्त्यापेक्षा रेल्वे बरी आणि रेल्वेपेक्षा पाइपलाइन बरी, हा हिशेब सरळ आहे.

प्रश्न गाडीचा नाहीच, प्रश्न आहे माहितीचा. लाक-मेगांतिकनंतर कॅनडाने नोव्हेंबर 2013 मध्ये रेल्वे कंपन्यांना आदेश दिला की तुमच्या गाड्यांतून काय धोकादायक माल जातो, ते वाटेतल्या नगरपालिकांना कळवा. अमेरिकेनेही मे 2014 मध्ये कच्च्या तेलाच्या मोठ्या गाड्यांची माहिती राज्यांच्या आपत्कालीन यंत्रणांना द्यायला लावली. कारण साधं आहे. आग लागल्यावर पहिला पोचतो तो गावचा माणूस. कशावर पाणी मारायचं आणि कशापासून पळायचं, हे त्याला आधी ठाऊक हवं.

आपल्याकडे कायद्यांची कमी नाही. पेट्रोलियम आणि स्फोटकांच्या सुरक्षेवर लक्ष ठेवणारी देशाची संस्था, 'पेसो', तिचं मुख्यालय तर आपल्या नागपुरातच आहे. रेल्वेकडे धोकादायक मालासाठी 'रेड टॅरिफ' नावाची वेगळी नियमावली आहे. 2005 च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याने प्रत्येक जिल्ह्यात कलेक्टरच्या अध्यक्षतेखाली प्राधिकरण आहे. हे सगळं कागदावर चोख. त्या कागदातलं किती लाइनीच्या कडेच्या ग्रामपंचायतीपर्यंत उतरलंय, हे विचारायला नको? इंधन तळ्यात गेलं तर पाणी उपसणारे पंप कोण बंद करणार? किती मिनिटांत? तवंग अडवायचे तरंगते अडसर सगळ्यात जवळ कुठे ठेवलेत? फोम असलेली फायर इंजिनं कुठून येणार आणि त्यांना यायला किती वेळ लागणार?

शेजारच्या पुलगावने हा धडा वेगळ्या कारणाने गिरवलाय. 31 मे 2016 च्या पहाटे तिथल्या दारूगोळा भांडाराला आग लागली. दोन अधिकाऱ्यांसह डझनाहून जास्त जवान आणि अग्निशमन कर्मचारी गेले. आजूबाजूची गावं रात्रीतून रिकामी करावी लागली. धोक्याच्या शेजारी राहणं म्हणजे काय, हे या पट्ट्याला कुणी शिकवायला नको.

तुम्ही काय करू शकता?

भरपूर. तुमच्याकडे नेट आहे, इंग्रजीत अर्ज लिहिता येतो आणि गावाकडे आई-बाबा आहेत. माहिती अधिकार कायदा 2005 खाली रेल्वेला ऑनलाइन अर्ज करायला 10 रुपये फी लागते. पंपावरच्या पॉपकॉर्नपेक्षा स्वस्त! तुमच्या स्टेशनवरून इंधनाच्या गाड्या जातात का, त्या मार्गावर इंधन-गळतीची शेवटची मॉक ड्रिल कधी झाली, त्यात गावांना बोलावलं होतं का, एवढे तीन प्रश्न पुरेत. उत्तर आलं की त्याची कॉपी सरपंचांना द्या आणि ग्रामसभेत वाचून दाखवायला सांगा. कळंबच्या पुढची लाइन बांधून होतेय तोवर विचारलेला प्रश्न नंतरच्या आंदोलनापेक्षा कितीतरी सोपा.

बेंबळ्याचं पाणी शांत असतं, त्याला आवाज नाही. त्याच्या वतीने विचारणारं कुणीतरी हवं. तो अर्ज लिहायला लंच टाइमसुद्धा पुरतो.

चौकट : आकडा बघा, अंतर ठेवा

रस्त्यावरच्या टँकरवर धोक्याची पाटी असते आणि पाटीवर चार आकडी नंबर. हा नंबर जगभर एकच असतो. पाठ करून ठेवा:

1203 – पेट्रोल
1202 – डिझेल
1223 – रॉकेल
1267 – कच्चं तेल
1075 – एलपीजी

टँकर उलटलेला किंवा वॅगन घसरलेली दिसली तर:

• वारा जिकडून येतोय त्या बाजूला आणि उंचावर जा. इंधनाची वाफ हवेपेक्षा जड असते, ती खोलगट जागेत, नाल्यात साचते.
• गाडी सुरू करू नका, सिगारेट-काडी नको. फोन लांब गेल्यावरच करा.
• सांडलेलं इंधन भरायला जाऊ नका, इतरांनाही थांबवा.
• 112 ला फोन लावा, रेल्वेसाठी 139, जिल्ह्याच्या आपत्ती कक्षासाठी 1077.
• जागा सांगताना रुळाशेजारच्या विजेच्या खांबावरचा नंबर सांगा. नेमकी जागा रेल्वेला लगेच कळते.
• जवळ तळं, नाला किंवा विहीर असेल तर ते आवर्जून सांगा. पाणी वाचवायचं काम तिथूनच सुरू होतं.